पिंजऱ्यातल्या सामनचे हृदय

रावस साफ करताना त्याचे इवलेसे हृदय मी अनेकदा ओट्यावर पाहिले आहे. परंतु माशालाही हृदयविकार होत असेल, हे नॉर्वेत समुद्रातल्या जाळीच्या पिंजऱ्यांत होणाऱ्या सामन (सॅमन) माशाच्या संवर्धनाविषयी वाचेपर्यंत माझ्या कधी मनातही आले नव्हते. (रावसाला ‘इंडियन सॅमन’ म्हणत असले, तरी दोघांचे जवळचे नाते नाही.) मुक्त वाढलेल्या सामनचे निलय (हृदयाचा रक्त बाहेर ढकलणारा कप्पा) टोकदार, त्रिकोणी असते, तर पिंजऱ्यातल्याचे बहुधा गोलसर होते. त्याहून गंभीर आहे तो नॉर्वेत १९८५ साली प्रथम नोंदला गेलेला हृदयस्नायूंचा विकार, ज्याच्याशी निगडित विषाणू २०१० मध्ये ओळखला गेला. त्यात निलयाचा आतला स्पंजासारखा थर आणि पातळ भिंतीचे अलिंद (रक्त आत घेणारा कप्पा) सुजून झिजत जाते आणि अखेर अलिंद फुटून हृदयाभोवतीच्या पिशवीत रक्त साकळते. मासा मात्र बाहेरून धष्टपुष्ट, विक्रीला जवळजवळ तयार दिसतो. अशा वेळी अंगावरच्या सागरी उवा (कातडीला चिकटणारे बारीक परजीवी) काढण्यासाठी त्याला पंपाने ओढून हाताळले, की तो ताण दुबळ्या हृदयाला सोसत नाही. आणि हाताळणी टाळावी, तर उवा वाढतात. म्हणूनच रोग आढळलेल्या पिंजऱ्यातील मासे अनेकदा ठरल्या वेळेआधीच काढून विकले जातात.