तेव्हा हात काय करत असतात?

मे महिन्याची दुपार. मामी पडवीत भिरंडं, म्हणजे कोकमाची फळं, फोडत बसली होती. आमच्या गोव्यात फोंड्याकडे या दिवसांत कुणाच्याही घरी जा, अंगणात सोलं वाळत असतात आणि घरातल्या बाईचे हात मनगटापर्यंत लाल. फळ फोडायचं, बिया गरासकट भांड्यात, साल वेगळी. भांड्यात मीठ पडलं की जो रस सुटतो तो त्याच सालींना पाजायचा आणि पुन्हा उन्हात टाकायच्या. मी शेजारी इअरफोन घालून पॉडकास्ट ऐकत लोळत होतो. मामीने कोपराने ढोसलं.

"म्हाकाय कितें तरी लायून दी रे." मलाही काहीतरी लावून दे.

कुणी पुस्तक सुचव म्हटलं की मी लगेच सुचवतो. दिलेलं पुस्तक कपाटात दहा वर्षं पडून राहिलं तरी कुणाचं काही बिघडत नाही. पॉडकास्टचं तसं नाही. आपण समोरच्याचा तासभर मागत असतो, वर एक परका माणूस त्याच्या कानात नेऊन बसवत असतो. म्हणून एकदम चौदा लिंका पाठवणाऱ्या मित्रांची मला धास्ती वाटते. 'हा ऐकच, तो तर ऐकायलाच हवा.' अरे, पण कधी?

माझी पद्धत वेगळी. कुणी विचारलं की मी आवडनिवड विचारतच नाही. 'राजकारण आवडतं का इतिहास?' याला लोक खोटं उत्तर देतात. सगळ्यांनाच इतिहास आवडतो! मी विचारतो, ऐकताना तुझे हात काय करत असतील? कपड्यांना इस्त्री करणाऱ्याला एक द्यावा, पणजीच्या पुलावर गाडीत अडकणाऱ्याला दुसरा. मासळी साफ करणाऱ्याला गंभीर काही देऊ नये. बांगड्याचं पोट काढताना दुष्काळावरची चर्चा कानात शिरत नाही.

इस्त्रीसाठी माझ्याकडे एक ठरलेलं औषध आहे, बीबीसीचं 'इन अवर टाइम'. १९९८ पासून चालू आहे. मेल्विन ब्रॅग यांनी २०२५ पर्यंत ते चालवलं. तीन प्राध्यापक समोर बसवायचे, विषय एक, आणि प्राध्यापक वाहवत चालले की ब्रॅग त्यांना शर्टाची बाही धरून परत आणल्यासारखे आणायचे. तास भरायच्या आत विषय संपतो, कपडेही संपतात. ऐकलेलं सगळं लक्षात राहतं का? मुळीच नाही. पण इस्त्री चांगली होते.

मडगावहून मुंबईला रेल्वेने जाणाऱ्याला मी अमित वर्मांचं 'द सीन अँड द अनसीन' देतो. २०१७ मध्ये सुरू झालं तेव्हा भाग वीसेक मिनिटांचे असत. मग माणसाला बोलतं ठेवायची त्यांना चटक लागली आणि एकेक भाग पाच-पाच तासांचा होऊ लागला. घरी बसून हे कोण ऐकणार? सकाळी मडगाव सोडलेली मांडवी एक्स्प्रेस मुंबईला टेकते रात्री. तोवर पाहुण्याचं बालपण, शाळा, पहिली नोकरी सगळं होऊन जातं, आणि चिपळूणपर्यंत तो तुमच्या नात्यातला वाटायला लागतो. फक्त आधी डाउनलोड करून घ्या. रत्नागिरी सोडली की करबुड्याचा ६.५ किलोमीटरचा बोगदा लागतो, आणि मुद्दा नेमका तिथेच येतो.

'सीरियल' मात्र मी नवख्याला देत नाही. २०१४ मध्ये अर्ध्या जगाने पॉडकास्ट ऐकायला सुरुवात केली ती त्यानेच. बाल्टिमोरमधला १९९९ चा एका शाळकरी मुलीचा खून, शिक्षा झालेला तिचा मित्र, आणि दर आठवड्याला स्वतःच्याच मताबद्दल साशंक होत जाणारी निवेदिका सेरा केनिग. उत्तमच आहे. पण ज्याची सुरुवात तिथून होते त्याला पुढे साध्या गप्पांत मजा येत नाही. भाजीच्या पाककृतीतही तो विचारतो, मेलं कोण?

दीडपट वेगाने ऐकणाऱ्यांना तर मी काहीच सुचवत नाही. माणूस बोलताना मध्येच थांबतो, घोट घेतो, 'म्हणजे बघ...' म्हणतो, त्यासाठीच तर ऐकायचं. आणि हल्ली जो तो पॉडकास्ट चित्रासकट येतो, दोन खुर्च्या, मध्ये कुंडी, तोंडासमोर केवढाले माइक. तोंडं बघायची तर मग टीव्ही काय वाईट होता? हे माझं मत घरात कुणालाही पटत नाही, ते सोडा.

मामीचे हात लाल असल्यामुळे फोनला पुन्हा बोट लागणार नव्हतं, म्हणजे लांब आणि मराठी काहीतरी हवं. 'अमुक तमुक' लावलं. दोघंजण एका जाणकाराला घेऊन मनाबद्दल, शरीराबद्दल, नात्यांबद्दल निवांत बोलतात. इअरफोन नको म्हणाली, कानात कुणी कुजबुजतंय असं होतं, फोन टोपलीला टेकवून ठेव. पाच मिनिटांत ती त्यांना उत्तरं देऊ लागली. "तसं नाही रे बाबा, सून काय म्हणते तेही विचार." मग मला म्हणाली, हे कुणाचे? कुठल्या गावचे? आमच्याकडे माणूस ओळखायचा पहिला प्रश्न हाच, आणि कुठलाही पॉडकास्टवाला त्याचं उत्तर देत नाही. आडनावावरून तिने दोन तर्क बांधले आणि पुढचं समाधानाने ऐकलं.

आजोबांच्या काळी निवडीचा त्रास नव्हता. रेडिओ फडताळावर, बटण त्यांच्या हाती, पणजी केंद्र लावतील ते सगळ्यांनी ऐकायचं. हेच केंद्र पोर्तुगीज अमदानीत 'एमिसोरा द गोवा' होतं. पण आजोबांच्या रेडिओची खरी गोष्ट त्याही आधीची, आणि ती ते फार क्वचित सांगत.

२५ नोव्हेंबर १९५५ ला गोव्याच्या हद्दीबाहेरच्या जंगलातून एक गुप्त रेडिओ सुरू झाला. लिबिया लोबो आणि वामन सरदेसाई तो चालवत. आधी आंबोली, मग कॅसलरॉक. पोर्तुगीज आणि कोंकणी. इथे वर्तमानपत्रांवर सेन्सॉर, त्यामुळे बाहेर काय चाललंय ते तिथूनच कळायचं. १९६१ पर्यंत, म्हणजे सहा वर्षं, ते दोघं रानात राहून बोलत राहिले. कोण ऐकतंय, किती ऐकतायत, कळायला मार्ग नव्हता. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाल्याची बातमी लिबियाबाईंनी विमानातून, लाउडस्पीकरवर सांगितली. २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली तेव्हा त्यांनी वयाची शंभरी गाठली होती.

आजोबा खिडक्या लावून, कान रेडिओला चिकटवून ऐकत. आम्ही एकदा विचारलं होतं, मग तुम्ही हे कुणाकुणाला सांगितलंत?

"सांगतोय कसला! आग्वादच्या तुरुंगात जायचं होतं का? शेजारच्या भटांनासुद्धा नाही. तेही ऐकायचे, हे मला कळलं एकसष्टनंतर."