भोकं असलेला डोंगा

वैनगंगेच्या काठावर जन्म, वय एकेचाळीस, आणि नदीत मी कधी कमरेच्या वर गेलो नव्हतो. आमच्याकडे पोरांना नदी दाखवतात ती लांबूनच. "डोहाकडे गेला तं तंगडं तोडीन," एवढंच आईनं शिकवलं. मग ऑगस्ट २०२० च्या शेवटी नदीच माझ्या दुकानात येऊन गेली. वरून मध्य प्रदेशातल्या संजय सरोवराचं पाणी, इकडे गोसीखुर्द धरणाचे दरवाजे उघडलेले. युरियाच्या बोऱ्या विरघळून नुसती पोती उरली. भिंतीवर खिडकीच्या गजापर्यंत मातकट रेघ आहे, ती मी अजून रंगवलेली नाही.

म्हणून पुण्यात नोकरी करणारा आमचा वर्गमित्र संक्रांतीला गाडीच्या टपावर दोन कयाक, म्हणजे वल्ह्यानं चालवायच्या प्लॅस्टिकच्या अरुंद नावा, बांधून आला, तेव्हा मी आधीच सांगून टाकलं, "मी काठावरून फोटो काढतो."

कोणी ऐकलं नाही. पुणेकर, मास्तर, वायरमन आणि मी. दोन कयाक, प्रत्येकी दोघे. पुणेकर शिकला कोलाडला, कुंडलिकेवर. तिथं सकाळी वरून पाणी सोडतात तेव्हा ही मंडळी नदीत उतरतात. आमचं उलटं. गोसीखुर्दचं पाणी सुटणार नसेल तरच उतरायचं. ३३ दरवाज्यांच्या खाली राहणाऱ्या माणसाला हे कोणी शिकवावं लागत नाही. वायरमननं आदल्या रात्री आणि सकाळी, दोनदा फोन करून विचारून घेतलं, तेव्हा कुठं आम्ही ब्रह्मपुरीच्या बाजूनं रेतीत उतरलो. जायचं होतं खाली, वडशाच्या रेल्वे पुलाकडे.

लाइफ जॅकेटचा पट्टा माझ्या पोटावरून जाईना. शेवटी पुणेकरानं गुडघा लावून ओढला, बैलाचा पट्टा आवळावा तसा. "वजनदार माणूस मागे," तो म्हणाला, आणि मागे बसणाऱ्याच्या हातात दिशा असते हे बसल्यावर सांगितलं. वल्हं दोन्ही टोकांना पात्याचं. मी खांद्यातून जोर लावायचो, मास्तर त्याच्या तालात मारायचा, आमची वल्ही एकमेकांवर आपटायची आणि नाव गरकन फिरून पुन्हा निघालो त्याच काठाकडे. "हात नको, पोट फिरव," पुणेकर ओरडला. पोट फिरवणं एवढं सोपं असतं तर ते एवढं वाढलं असतं का? पण अर्ध्या तासानं जमलं. पातं पायाजवळ पाण्यात टाकायचं, कंबर वळवायची, आणि पातं कुल्ल्याशी आलं की बाहेर. हाताला काम उरतच नाही. नाव सरळ गेली तेव्हा मास्तर मागे वळून बघायला लागला, मी उतरलो की काय म्हणून.

जानेवारीत पाणी कमी. दर थोड्या वेळानं तळ रेतीला घासायचा, की उतरा आणि ओढा. मध्येच एका बेटावर चक्रवाकाची जोडी बसलेली, भगवी, अगदी निवांत. आम्ही जवळ गेलो तशी उडाली.

घोळ झाला तो खडकाळ पट्ट्यात. पाणी तिथं दोन दगडांमधून जोरात जातं. पुणेकराची नाव मधून सपकन गेली. आमची आडवी झाली आणि अख्खी बाजू दगडाला टेकली. दगड अंगावर येतोय म्हटल्यावर माणूस काय करील? दुसरीकडे झुकेल. मी झुकलो. आणि तिथंच चुकलो. दगडापासून लांब झुकलं की वरच्या अंगाची कड खाली दबते, येणारी धार त्या कडेवर चढते आणि खेळ खलास. अशा वेळी दगडालाच मिठी मारायची असते. हे मला पाण्याखाली असताना आठवलं, कारण पुणेकरानं सकाळी दोनदा सांगितलं होतं. नाकातोंडात पाणी, एक चप्पल गेली, जॅकेटनं मात्र बुचासारखं वर काढलं. मास्तर माझ्या आधीच वर आला होता आणि शिव्या देत होता. वीस वर्षं मराठी शिकवल्याचं चीज झालं.

लाखोळीच्या डाळीच्या वड्यांचा आमचा डबा एकटाच पुढे निघाला होता. खाली एक म्हातारा ढिवर डोंग्यात उभा राहून जाळं काढत होता. त्यानं बांबूनं डबा अडवला, उचलला, झाकण उघडून पाहिलं आणि पुन्हा लावलं.

"दगड दिसला नाही का गा?" आम्ही ओले होऊन पोचल्यावर तो म्हणाला.

"पाण्याखाली होता, काका."

"पानी दात दाखवते ना तिथं. दात दिसले का बाजूनं जायचं. अन् जिथं पानी जिभेवानी गुळगुळीत हाये, तिथून घालायचं."

पुणेकर माझ्याकडे बघायला लागला. हेच तो सकाळी इंग्रजीतली व्हीची खूण सांगून समजावत होता: टोक खालच्या अंगाला असेल तर वाट, आपल्याकडे रोखलेलं असेल तर दगड. तेव्हा मी मान हलवली होती, कळलं काहीच नव्हतं. नंतरच्या दोन धारा मी जीभ शोधत काढल्या. एकदा घासलो, पण पडलो नाही.

वडे पाच जणांत वाटून खाल्ले. थोडे ओले झाले होते, तरी चालले. खाताना म्हाताऱ्यानं कयाकवर हात फिरवला, प्लॅस्टिक वाजवून पाहिलं, वाकून तळाकडे बघितलं. बसायच्या जागेजवळ आरपार भोकं असतात, आत आलेलं पाणी तिथून खाली जातं.

"बसता का, काका? एक चक्कर मारा," पुणेकर म्हणाला.

म्हाताऱ्यानं एका भोकात बोट घातलं, खालून बाहेर निघालेलं पाहिलं.

"भोकं असलेल्या डोंग्यात मी बसत नसतो बाप्पा," म्हणाला, आणि बांबू टेकवून निघून गेला.