मीटर लावला की बझर गप्प

कुलरची टाकी आटली की बझर वाजायला हवा, एवढाच आठवीचा प्रकल्प. नागपुरात एप्रिलमध्ये याहून कामाचं काही नाही. पंप कोरडा फिरला की जळतो. बादलीत ४ सेंटिमीटर अंतरावर दोन स्टीलचे स्क्रू सोडायचे, एक ग्राउंडला (शून्य व्होल्ट), दुसरा अर्डुइनो उनो या छोट्या कंट्रोलर बोर्डाच्या पिन २ ला. ब्लॉक, म्हणजे पडद्यावर जोडायच्या प्रोग्रामच्या सूचना, मोजकेच: पिन २ हाय (५ व्होल्टजवळ) असेल तर बझरची पिन ८ हाय, नाहीतर लो (शून्याजवळ), हेच सतत.

पाणी असलं की पिन २ त्यातून ग्राउंडला जोडली जाते, बझर गप्प. बादली रिकामी केली की मात्र मनात येईल तेव्हा कोकलायचा.

"सर, हात जवळ नेला का चूप होते जी," एक मुलगी म्हणाली. मी तिचे ब्लॉक दोनदा तपासले, चूक तिचीच धरून. तोवर सहकाऱ्यांनी तीन बोर्ड बदलले. त्यांचा इलाज नेहमी बदलण्यापासूनच सुरू होतो.

मग पिन २ आणि ग्राउंडमध्ये मल्टीमीटर लावला. बझर गप्प! काढला, पुन्हा कोकलणं सुरू. मीटरचा स्वतःचा रोध १० मेगाओहम. तेवढ्यानेही पिन खाली ओढली गेली, कारण कोरड्या बादलीत तिला दुसरं काहीच जोडलेलं नव्हतं. अशा लोंबकळत्या पिनवर आसपासच्या वायरिंगची ५० हर्ट्झची कुरकुर उमटते आणि हात म्हणजे अँटेनाच. 'पिन वाचा' हा आमचा ब्लॉक पिन इनपुट करतो, पुलअप (पिनला ५ व्होल्टकडे ओढून धरणारा रोधक) लावत नाही, आणि हे पडद्यावर कुठेच दिसत नाही. किटच्या आकृतीतही रोधक नव्हता. काढणाऱ्याने बादली कधी रिकामी केलीच नसावी.

पिन ते ५ व्होल्ट असा १० केचा (के म्हणजे किलोओहम) रोधक लावला. आता भरल्या बादलीतही बझर थांबेना! मीटरवर ३.१ व्होल्ट. म्हणजे स्क्रूंमधलं नळाचं पाणी साधारण १६ केचं. लो म्हणून नक्की वाचायला १.५ च्या खाली यायला हवं. १०० के लावला, ०.७ आले, बझर शहाण्यासारखा वागला. हे गणित मी आधी फळ्यावर करायला हवं होतं.

सोमवारी तीच मुलगी आली. घरच्या कुलरची टाकी रिकामी, तरी बझर गप्प. तिने दोन्ही स्क्रू एकाच प्लास्टिकच्या पट्टीवर बसवले होते. कुलरच्या बाजूच्या ओल्या ताटीतून ठिबकणारं पाणी पट्टीवर पातळ थर धरतं आणि १०० केला सुमारे ४३ केपर्यंतचा ओलावाही पाणीच वाटतो. ४७ के लावला तर ही हद्द २० वर येते, आणि नळाचं पाणी आहे १६ चं. कुलरमध्ये पाणी उडून क्षार साठतात तसा रोध उतरतो, म्हणजे खरी परीक्षा ताज्या भरलेल्या टाकीची. सध्या पट्टी कापून स्क्रू सुटे टांगलेत, ४७ के लावलाय. टाकी उद्या धुऊन भरणार आहे, म्हणाली.