सही मागे घेतली तेव्हा

माझी लेक नऊ वर्षांची. तिला सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर नीट ताबा राहत नाही. यूडीआयडी कार्डावर, म्हणजे सरकारी दिव्यांग ओळखपत्रावर, दिव्यांगत्व ६० टक्के. वॉकर धरून चालते, सावकाश पण स्पष्ट बोलते. आमच्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या वाडीतून शाळेकडे चिऱ्यांची पाखाडी, म्हणजे पायऱ्यांची वाट, उतरते. पावसात ती शेवाळते, म्हणून तिसरीपर्यंत मी तिला कडेवरून नेत होते.

जूनमध्ये चौथीचा वर्ग माडीवर गेला. गुरुजी म्हणाले, "वहिनी, आता कशी चढवणार तिला? गृहाधारित शिक्षणात नाव घालतो. पटावर राहील, बाई घरी येऊन शिकवतील." मी सही केली. मासेमारी बंदीमुळे नवरा घरीच जाळी विणत होता, त्यालाही बरं वाटलं. पोर पडणार नाही, एवढंच आम्ही बघितलं.

ऑगस्ट संपेपर्यंत विशेष शिक्षिका तीनदा आल्या. त्यांना दोष देत नाही, त्यांच्याकडे शाळाच इतक्या. पण लेक रोज दप्तर घेऊन पडवीत बसायची आणि खालची प्रार्थना ऐकून इथूनच म्हणायची. ते बघवेना.

एकदा त्या बाईंनीच विचारलं, "ताई, घरी शिकवायचं तुम्ही मागितलं होतं का?" मी नाही म्हटलं. तेव्हा कळलं की शिक्षण हक्क कायद्यात २०१२ साली झालेल्या दुरुस्तीने घरी शिकण्याचा पर्याय बहुदिव्यांगत्व किंवा तीव्र दिव्यांगत्व असलेल्या मुलांना दिलाय, आणि तो त्यांचा हक्क आहे, शाळेने लादायचा नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम ३१ तर सरळ सांगतं: ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षं जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकायचा हक्क आहे. कलम १६ प्रमाणे शाळेने त्याच्या गरजेनुसार सोयी करायच्या.

सासूबाई म्हणाल्या, "गुरुजींशी वाकडं कशाला?" मलाही तीच भीती होती. याच शाळेत पोरीला पुढे शिकायचंय.

तरी अर्ज लिहिला. पहिला तालुक्याच्या शिक्षण कार्यालयात "ठेवून जा" म्हटल्यावर ठेवून आले, तो कुठे गेला कुणास ठाऊक. दुसऱ्यांदा दोन प्रती नेल्या आणि माझ्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक पडेपर्यंत हलले नाही. शेवटची एसटी चुकली, मावसबहिणीकडे राहिले. अर्जात गाऱ्हाणं कमी, मागण्या जास्त होत्या: जूनमधली संमती मी मागे घेते, चौथीचा वर्ग तळमजल्यावर आणा, शौचालयात धरायला दांडा बसवा, मदतनीस भत्त्यासाठी (शाळेत तिच्या सोबतीला येणाऱ्यासाठीचे पैसे) तिचं नाव पाठवा, नाही म्हणायचं असेल तर कारण लेखी द्या. शेवटची ओळ बाईंनी सुचवली होती, आणि माझ्या मते सगळ्यात कामाची तीच.

वीस दिवस उत्तर नाही. मग पोचेच्या झेरॉक्ससह तक्रार स्पीड पोस्टाने पुण्याला राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे पाठवली आणि तिची प्रत तालुक्यालाही दिली. साक्षीला बोलावण्याचे, कागद मागवण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आयुक्तांना आहेत. त्यासाठी वकील लागला नाही.

सुनावणीची वेळच आली नाही. गणपतीच्या सुट्टीनंतर आमच्या भागातल्या शाळांवर देखरेख करणारे केंद्रप्रमुख शाळेत आले, वर्ग बघितले आणि दुसरी माडीवर, चौथी खाली केली. बाकं हलवायला एक दुपार लागली. एक पैसा खर्च नाही! इतक्यासाठी माझ्या लेकीचे तीन महिने गेले, याचा राग अजून जात नाही.

गुरुजी आता नीट बोलतात. भत्त्याचा कागद पुढे गेलाय. शौचालयातला दांडा मात्र अजून बसलेला नाही, म्हणून ती दुपारपर्यंत पाणी पीत नाही. त्याचा वेगळा अर्ज सोमवारी दिला, पोच घेतली.