बायकोलासुद्धा नाही

मागच्या सोमवारी यांच्या रक्ताच्या रिपोर्टसाठी मी जीपीच्या, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरच्या, दवाखान्यात फोन लावला. हे कामावर होते. यांची जन्मतारीख, पत्ता, सगळं सांगितलं. पलीकडची बाई शांतपणे म्हणाली, "त्यांची संमती आमच्याकडे नोंदलेली नाही, मला काही सांगता येणार नाही." मी बायको आहे म्हटलं. "हो, समजलं मला," ती म्हणाली, तरी नाहीच. रिपोर्ट आलाय का, तेवढंसुद्धा सांगितलं नाही.

ज्याच्या डब्यातलं तेलमीठ बारा वर्षं मी बघते, त्याची शुगर मला विचारता येत नाही? दिवसभर डोकं तापलेलं होतं. सहा वर्षं झाली इंग्लंडात, लीड्सला, पण इतकं परकं कधी वाटलं नव्हतं. आईला फोन केला तर ती माझ्याहून भडकली. "बायकोला सांगंनात? मग सांगतेत तरी कुणाला?"

मला घाटीतले, आपल्याकडच्या सरकारी रुग्णालयातले, दिवस आठवले. अण्णा तिथं अठरा दिवस होते. राउंडवरचे डॉक्टर सगळ्यांसमोर बोलायचे, त्यामुळं शेजारच्या कॉटपाशी बसलेल्या पैठणच्या मावशींना अण्णांचं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या तपासणीतला आकडा) कधी कधी माझ्याआधी कळायचं. मी औषधं आणायला खाली गेले की त्या अण्णांना पाणी मोजून द्यायच्या. त्यांच्या डब्यातली भाकरी मी खाल्ली आहे. त्या वॉर्डात आम्ही एकटे पडलो नाही, आणि त्यामागं सगळ्यांना सगळं माहीत असणं होतं. हे मी इथं कुणालाही ठामपणे सांगेन.

पण रात्री झोप लागेना, आणि आठवली ती माझी चुलतबहीण. (तिला विचारूनच लिहितेय.) तिला टीबी झाला होता. सहा महिने एक गोळी चुकवली नाही, शेवटची थुंकीची तपासणी निगेटिव्ह आली. पण पहिला रिपोर्ट घरी यायच्या आधीच बातमी बसस्टँडवर पोचली होती. दवाखान्यातल्या कंपाउंडरनं ओळखीच्या माणसाला सांगितलं, तेही काळजीपोटी. ठरलेली सोयरीक मोडली. आम्ही वर्षानुवर्षं मुलाकडच्यांना शिव्या दिल्या. कंपाउंडरचं चुकलं, असं आमच्या घरात एकदाही कुणी म्हटलं नाही. मीही नाही. मला त्याचा राग पहिल्यांदा आला तो परवा, लीड्समध्ये, रात्री दोन वाजता.

आपल्याकडे नियमच नाहीत, असं मात्र कुणी म्हणू नये. रुग्णाचं गुपित राखावं हे डॉक्टरांच्या 2002 च्या नियमावलीत आहे. एचआयव्हीबद्दल तर 2017 चा स्वतंत्र कायदा आहे. नियम केसपेपरच्या खिडकीपर्यंत पोचत नाही, हे दुखणं आहे.

आणि इथंही सगळं सोवळं नाही. लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयानं सुमारे 16 लाख रुग्णांच्या नोंदी गुगलच्या डीपमाइंड कंपनीला दिल्या होत्या. त्यात कायदा पाळला गेला नाही, असा निर्णय ब्रिटनच्या माहिती आयुक्तांनी 2017 मध्ये दिला. बायकोला एक आकडा मिळत नाही आणि कंपनीला 16 लाख माणसं! हे वाचून मी पुन्हा पेटले. मग कळलं की ज्या ॲपसाठी या नोंदी दिल्या, ते मूत्रपिंडाचा अचानक होणारा बिघाड लवकर ओळखण्यासाठी होतं. अण्णांचं तेच झालं होतं, आणि आम्हाला उशिरा कळलं.

आपली माहिती संशोधन आणि नियोजनासाठी वापरू नका, असं इथं 2018 पासून एनएचएसला, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेला, कळवता येतं. स्वतःच्या उपचारांवर त्याचा परिणाम होत नाही. दोन संध्याकाळी मी ते पान उघडून बसले. शेवटी नकार नोंदवला नाही. माझ्या नोंदींतून एखाद्याच्या अण्णांचं दुखणं वेळेत कळणार असेल तर कळू दे. मात्र मला विचारलं गेलं, म्हणून मी हे मनापासून देऊ शकले. माझ्या बहिणीला कुणी विचारलं होतं?

यांनी परवा जीपीकडे माझ्या नावाची संमती भरून दिली. रिपोर्टही मला दाखवला. आकडा इथं लिहू नको म्हणाले, म्हणून लिहीत नाही.

काल आईचा फोन आला. "काय निघालं गं जावईबापूंचं?"

"थांब आई, यांना विचारते आधी."

ती जरा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "विचार की मग. मी हाय फोनवर."