जिमखान्याच्या कपाटातला हिशेब

पुण्यातल्या एका लहान महाविद्यालयाच्या जिमखाना समितीवर मी काही वर्षे काम केले आणि खेळांचा जमाखर्च जवळून पाहिला. जमेची बाजू एका ओळीत संपते: प्रवेशाच्या वेळी प्रत्येक विद्यार्थ्याकडून घेतलेले जिमखाना शुल्क, जे विद्यार्थी कमी झाले की आपोआप आटते. खर्च मात्र तसा आटत नाही. कबड्डीच्या संघात 7 खेळाडू मैदानावर आणि 5 राखीव धरले, तर पट कितीही असला तरी 12 जणांचे गणवेश, प्रवासभाडे आणि भत्ता द्यावाच लागतो. शिवाय संघ आंतरमहाविद्यालयीन फेरीत जिंकून पुढे गेला, तर आनंदाबरोबर पुढच्या प्रवासाचे बिलही येते. (एका वर्षी आमचा संघ हरला तेव्हा लेखापालांनी सोडलेला सुटकेचा निःश्वास मला स्पष्ट ऐकू आला होता.)

बॅडमिंटनच्या सरावाला नायलॉनची शटल आणि पिसांची फक्त सामन्याला, हा आमचा अलिखित नियम होता. गणवेश सामना संपताच परत घेतले जात, आणि 9 क्रमांकाच्या बनियनवरचा आकडा इतका विटला होता की पंचांनी तो दोनदा विचारला.

1994 च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभारलेले बालेवाडीचे संकुल याच शहरात आहे. आमच्या मुलांना मात्र धावण्याच्या सरावासाठी पहाटे टेकडी गाठावी लागे. क्रीडा साहित्याच्या मागणीचा माझा शेवटचा अर्ज ‘पुढील सत्रात विचार करावा’ असा शेरा घेऊन परत आला.