पदराची उलटी बाजू

"उलटा करून बघ की, माय."

आज संभाजीनगरात पुतणीच्या लग्नासाठी पैठणी बघत होते. दुकानदारानं जांभळा पदर पसरला, 'हातमागाची आहे' म्हणाला. मोर बघून मी हरखूनच गेले. शेजारी आहेराची साधी लुगडी बघत एक आजी बसल्या होत्या. त्यांनी न विचारताच तो पदर उचलला आणि उलटा केला.

मोराच्या मागे कापलेल्या दोऱ्यांची नुसती कुसळं.

"हातमागाच्या पैठणीला उलटं-सुलटं नसतंय. दोन्हीकडून मोर सारखाच दिसतो. हे मशीनचं हाय." लहानपणी पैठणला बापाच्या मागाशी बसून कांड्या, म्हणजे दोरा गुंडाळायच्या नळ्या, भरल्या, म्हणाल्या. एकेका रंगाची वेगळी कांडी, शेजारच्या दोऱ्यात अडकवत अडकवत हातानं मोर भरायचा. म्हणून मागं लोंबतं काही राहत नाही. बोलताना त्यांचं बोट नारळी काठावरून असं फिरत होतं, जणू झोपलेल्या लेकराच्या पाठीवरून.

दुकानदार काहीच बोलला नाही. आम्ही उठलो.

पैठणीला 2010 साली जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, हे मला पाठ आहे. पण माझी लग्नातली पैठणी इतकी वर्षं कपाटात आहे, ती मी एकदाही उलटून बघितली नव्हती. आत्ता घरी येऊन बघितली. दोन्हीकडून मोर सारखेच. कुणाची बोटं फिरली असतील यावरून?

आजींनी आहेराची चार लुगडी घेतली, पिशवीत कोंबली आणि बसस्टँडकडे निघाल्या. त्यांनी स्वतः कधी पैठणी नेसली होती का, हे विचारायचं राहूनच गेलं.